खराटा, कॅमस आणि आपली टेकडी

नमस्कार. मला पाऊण तास दिलाय आणि विषय आहे, ‘पुन्हा उभ्या केलेल्या कुरणांत लोकांना कसं न्यावं’. त्यावर मी येणारच आहे. पण आधी तुम्हाला कॅनडात, व्हँकुव्हर बेटावरच्या व्हिक्टोरियाला नेते. माझी लेक तिथे असते. तिच्याकडे तीनदा जाऊन राहिले, आणि तिन्ही वेळा माझा मुक्काम घरात कमी नि ओकांच्या कुरणात जास्त होता.

समोर ओक आडनावाची मंडळी बसली आहेत, पण हा ओक गॅरींचा. निकोलस गॅरी हे हडसन्स बे कंपनी या फरच्या व्यापारातल्या ब्रिटिश कंपनीचे उपगव्हर्नर. डेव्हिड डग्लस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांचं नाव या झाडाला दिलं. ब्रिटिश कोलंबियातला हा एकमेव देशी ओक. झाडं सुटी सुटी, वेडीवाकडी. खाली कातळ, कातळावर कुठे कुठे जेमतेम वीतभर माती, आणि त्या मातीत एप्रिल-मेमध्ये कॅमस या कंदवर्गी रोपाची निळी-जांभळी फुलं.

जेम्स डग्लसने (हा वेगळा, झाडवाला नव्हे) १८४२ मध्ये याच कंपनीच्या किल्ल्यासाठी ही जागा पाहिली आणि तिला नंदनवन म्हटलं. पुढच्या वर्षी किल्ला उभा राहिला. पण ते नंदनवन आयतं नव्हतं हो! तिथल्या मूळ रहिवासी लेक्वंगन लोकांची ती शेतीच होती. कॅमसचे कांदे खणायचे, मोठे घ्यायचे, लहान परत मातीत घालायचे. जमिनीतल्या खड्ड्यात तापल्या दगडांवर ते दिवस दिवस भाजायचे, म्हणजे गोड होतात. शेजारीच विषारी कॅमस उगवतो. त्याचं फूल पिवळट पांढरं, पण फुलं गेली की कांद्यावरून ओळखणं महाकठीण. म्हणून फुलं असतानाच तो हेरून काढायचा. आणि ठरावीक काळाने गवत पेटवायचं, म्हणजे झुडपं आणि डग्लस फर या उंच सूचिपर्णी झाडाची रोपं माजत नाहीत. वसाहतवाल्यांनी ही आग बंद केली, जमीन नांगरली, घरं बांधली. आज त्या कुरणांतलं पाच टक्क्यांहूनही कमी बऱ्या स्थितीत उरलंय आणि तिथल्या शंभरावर जाती धोक्यात आहेत.

आता माझी पहिली सहल. मी कॅमेरा घेऊन, नवे बूट घालून गेले. फाटकाशी वाटाड्या बाईंनी आधी ब्रश हातात दिला. ‘बुटांचे तळ घासा.’ मला वाटलं, देवळाबाहेर पाय धुतात तसंच काही असेल. माझ्या बुटाच्या तळाच्या खाचेतून त्यांनी एक बी काढलं, हातावर ठेवलं आणि म्हणाल्या, ‘हे आत जाणार होतं.’ मग फुलं दाखवतील म्हणून मी पुढे सरसावले, तर त्यांनी लांब दांड्याची कात्री दिली आणि पिवळ्याधमक झुडपांसमोर उभं केलं.

ते झुडूप म्हणजे स्कॉच ब्रूम. ब्रूम म्हणजे खराटा. त्याच्या फांद्यांचे खराटे करत. १८५० च्या सुमारास कॅप्टन ग्रँट नावाच्या वसाहतवाल्याने हवाई बेटांवरून मिळालेलं बी त्याच बेटावरच्या सूक इथल्या आपल्या शेतावर पेरलं. तीन रोपं जगली. तीन! मायदेशाची आठवण म्हणून पेरलं असेल, त्यात वाईट हेतू काही नव्हता. पण हे शेंगवर्गी झाड मातीत नत्र साठवतं आणि हलाखीच्या मातीला सरावलेली देशी फुलं हटतात. शेंगा उन्हात तडकून बी दूर उडतं आणि जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. म्हणून मोठं झुडूप उपटायचं नाही, माती उकरली की खालचं बी जागं होतं. ऐन फुलात, अगदी जमिनीलगत कापायचं. मी दोन तासांत अकरा कापली. अकरावं कापल्यावर बाईंनी खाली बोट दाखवलं. सावलीत दबलेली कॅमसची चार पानं होती. तो फोटो मी काढला नाही, तरी माझ्या डोळ्यांपुढे तोच आहे.

आता हे ऐकताना तुम्हाला काही आठवतंय का? मला तिथेच आपली टेकडी आठवली, आणि पोटात गलबललं. ग्लिरिसिडिया! आपली उंदीरमारी. तीही शेंगवर्गी, तीही परदेशी, मध्य अमेरिकेतली, तिच्याही शेंगा तडकून बी उडवतात. आणि तीही सदिच्छेनेच लावलेली. मी शाळेत शिकवत होते तेव्हा एका संस्थेने टेकडीवर वृक्षारोपण ठेवलं. माझ्याच वर्गाची मुलं मी नेली. खड्डे आधीच खणून ठेवले होते, कुसळी आणि पवन्याच्या ऐन गवतात. एका मुलीने विचारलं, ‘बाई, हे फूल काढू का खड्ड्यातून?’ ती आषाढ आमरी होती, आपलं देशी ऑर्किड. मला नाव माहीत होतं. तरी मी म्हटलं, ‘काढ.’ कारण आपल्या मनात हिरवं म्हणजे झाडं, आणि गवत म्हणजे पडीक! त्या मुलीला हाक मारून ‘थांब’ म्हणावं, असं मला अजून वाटतं.

पाच मिनिटं उरलीत अशी चिठ्ठी आलीय. तर विषय.

सहल छोटी हवी. एका वाटाड्यामागे दहा-बारा माणसं, आणि सगळी पायवाटेवर. पातळ मातीवरचं शेवाळं एका पावलात निघतं.

फुलं नसतानाही न्या. फुलांच्या महिन्यात गर्दी होते, पण कुरणाचं दुखणं दिसतं ते इतर वेळी. आणि हातात काम द्या. नुसतं पाहून आलेला माणूस फोटो नेतो, कापून आलेला पुढच्या वर्षी परत येतो. मी स्वतः आले.

ती जमीन कुणी राखली होती हे सांगितल्याशिवाय सहल सुरूच करू नका. तिथे लेक्वंगन, आपल्याकडे गुराखी आणि धनगर. आणि कुरण वाचवायला कधी झाड कापावं लागतं, तेही स्पष्ट सांगा. तिकडे डग्लस फरची रोपं काढतात ती ओकांना ऊन मिळावं म्हणूनच.

घंटा झाली. एवढंच सांगते, रविवारी सकाळी साडेसहाला टेकडीच्या पायथ्याशी भेटू. उंदीरमारीची रोपं उपटायची परवानगी मिळाली आहे. फक्त रोपं, मोठी झाडं नाहीत. माती ओली आहे, हाताने निघतील. येताना घरूनच बुटांचे तळ घासून या; ब्रश माझ्याकडे एकच आहे.