पुट्टी कुठली भरायची ते पत्रा सांगतो

दृश्य: बडोदा, मकरपुऱ्याकडचं एक डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज. सकाळ. मागे हातोडीचा आवाज.

हा आवाज ऐकताय ना, टक टक टक, हा पुट्टीच्या (पत्र्यातला खड्डा भरायच्या लेपाच्या) आधीचा, पत्रा ठोकून सरळ करायचा आवाज आहे आणि बऱ्याच ठिकाणी हल्ली तो ऐकूच येत नाही. गाडीला गोबा पडला (बडोद्यात आम्ही मराठी लोकं पण गोबाच म्हणतो, पोचा म्हणणारा म्हणजे पुण्याहून आलेला पाहुणा) की सरळ डबा उघडायचा, पत्तीने थापायचं, घासायचं, रंग मारून मोकळं. दोन महिने गाडी नवरीसारखी दिसते, मग रंग उलायला लागतो.

आमच्याच गाडीचं सांगतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री शहरात शिरली तेव्हा ही बिचारी हँडलपर्यंत पाण्यात उभी होती. मगरींचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितले, पण दाराच्या तळाशी पाणी निघायला जी बारीक भोकं असतात त्यात बसलेला गाळ आमच्यापैकी कोणी बघितला नाही. आतून गंज धरला, खालचा बोटभर पत्रा खाऊन टाकला, आणि एकाने, नाव नाही घेत, त्यावर साधी पुट्टी लिंपून दिली. पुढच्या पावसाळ्यात रंगाला फोड आले, नखाने टोकरलं तर पापुद्र्यासकट पुट्टी हातात!

आता हे काका. चाळीस वर्षं पत्रा ठोकतायत. त्यांनी दार उघडून आतून टॉर्च मारला आणि एवढंच म्हणाले, "अरे, भोकाला पुट्टी नसते लावायची, भोकाला पत्रा लागतो."

साधी पुट्टी म्हणजे पॉलिस्टर रेझिन आणि त्यात कालवलेली शंखजिऱ्याची पूड, आपल्या टाल्कम पावडरीतली तीच. सुकल्यावर दगडासारखी वाटते, पण आतून सच्छिद्र असते, पाणी पिते. मागून भोक उघडं असलं की ओल येत राहते, पुढून रंग कितीही भारी मारा. म्हणून काकांनी गंजलेला भाग कापला, नवीन तुकडा वेल्ड केला आणि वेल्डवर फायबर पुट्टी लावली. त्यात काचेचे बारीक तंतू असतात त्यामुळे ती ताकदीची असते आणि सहसा पाणी आत घेत नाही. पण घासायला महाकठीण, आणि वर तंतूंची खरखर राहते, म्हणून तिच्यावर परत साधीचा पातळ हात द्यावाच लागतो. एकाच डब्यात सगळं उरकेल असं समजणारे इथेच फसतात.

ही पुट्टी काही फार जुनी नाही बरं का. त्याआधी बॉडीचे खड्डे आणि जोड शिसं वितळवून भरायचे, गॅसच्या ज्योतीने, लाकडी पॅडलने पसरवत. २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात विंटेज गाड्या आल्या होत्या, त्यातल्या कित्येक त्या काळातल्या. शिशाचा धूर आणि भुकटी विषारी, आणि ते काम यायला हात मुरलेला लागायचा. मग १९५० च्या दशकात अमेरिकेत दोन भाग कालवून लावायची पुट्टी निघाली आणि कोणीही गॅरेज काढायला लागलं, चांगलं पण आणि वाईट पण.

दृश्य: जवळून. पाटीवर करड्या पुट्टीचा गोळा, शेजारी लाल पेस्टची रेघ.

हे बघा, खरी गंमत इथे आहे. शंभर ग्रॅम पुट्टीला साधारण दोन ग्रॅम हार्डनर, म्हणजे ही लाल पेस्ट, हिच्यामुळेच पुट्टी घट्ट होते. फेटायचं नाही, पत्तीने दाबत दाबत घडी घालायची, फेटलं की हवा शिरते आणि घासल्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात. सगळीकडे सारखा फिका गुलाबी रंग आला, कुठे लाल रेघ नाही, म्हणजे झालं. आता चारपाच मिनिटं आहेत हातात, पाटीवरचा गोळा तापायला लागतो बघा. मे महिन्यात तर चहाचा घोट घेईपर्यंत घट्ट. लवकर सुकावं म्हणून कोणी कोणी हार्डनर दुप्पट टाकतात, मग तो रंगातून वर झिरपतो आणि पांढऱ्या गाडीवर पिवळट डाग उठतो. कमी टाकला तर पुट्टी चिकट राहते, घासायच्या कागदाला लोळ्या येतात. आणि उरलेली परत डब्यात टाकायची नाही, हे काका पोरांना ओरडून सांगतात तरी कोणीतरी टाकतंच.

जाडी मात्र दोन-तीन मिलिमीटरच्या आत ठेवायची, म्हणूनच आधी ती टक टक. जुनी गाडी घेताना पातळ लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा, जिथे धरत नाही तिथे खाली जाड पुट्टी असणार, विक्रेत्याकडे बघा.

बंपर प्लॅस्टिकचा असेल तर वेगळी, लवचिक पुट्टी, साधी लावली तर पहिल्या धक्क्याला तडा जातो.

घासायचं कोरडं, ठोकळ्याला कागद गुंडाळून. ऐंशी नंबर, मग एकशे ऐंशी, मग तीनशे वीस. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या खाचा उन्हात दिसतात. आणि मास्क लावा हो, ती पूड छातीत जाते.

दृश्य: दारावर काळ्या स्प्रेचा हलका धूर.

आता प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा हात, झालाय, त्यावर हा काळा. ठोकळा फिरवला की उंच जागचा काळा निघून जातो, खोलगट जागी राहतो. इथे, हँडलच्या खाली, तिळाएवढे दोन ठिपके राहिलेत. ह्याच्यासाठी बारीक फिनिशिंगची पुट्टी, ती जाड थरासाठी नसतेच. घाईत कोणी ट्यूबमधली एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी लावतं, ती थिनर उडून सुकते आणि जाड लावली तर नंतर बसते, मग रंगावर खड्डा परत दिसतो.

काकांनी डोळे मिटून दारावरून तळवा फिरवला. "अजून एक हात," म्हणाले. रंग आज नाही, बाहेर ढग आलेत आणि हवा दमट आहे. उद्या ऊन पडलं तर बघू.