डोकी मोजायची कुठे?

श्रोतेहो, नमस्कार.

'सरकार अल्पमतात' अशी लाल पट्टी टीव्हीच्या पडद्याखाली सरकू लागली की पुढचे चार दिवस काय ऐकायला मिळणार, हे आता पाठ झालंय. आमदारांची बस कुठल्या नाक्यावरून गेली. हॉटेलात किती खोल्या घेतल्या. राजभवनातून कोण हसत बाहेर पडलं. आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट, यांच्याकडे इतके, त्यांच्याकडे तितके. दर तासाला बदलणारी. त्या चौकटीतला एकही आकडा कुणी मोजलेला नसतो, तो कुणीतरी सांगितलेला असतो.

बहुमत मोजायची जागा एकच. विधानसभेचं सभागृह. पुन्हा सांगतो, कारण आजचं सगळं बोलणं याच खुंटीला टांगलेलं आहे. राजभवन नाही, हॉटेल नाही, सह्यांचा कागद नाही. सभागृह.

राज्यघटनेच्या १६४व्या कलमात मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असतं असं स्वच्छ लिहिलेलं आहे. तरी १९८९ साली कर्नाटकात काय झालं? एस. आर. बोम्मई मुख्यमंत्री होते. पाठिंबा काढून घेतल्याची १९ आमदारांची पत्रं राज्यपालांकडे गेली. दोनच दिवसांत त्यातले ७ जण म्हणाले, आमच्या सह्या दिशाभूल करून घेतल्या. बोम्मई म्हणत होते, अधिवेशन बोलावलेलंच आहे, हवं तर अलीकडे घेतो, तिथे मोजा. मोजलं कुणीच नाही. २१ एप्रिलला राष्ट्रपती राजवट लागली. हे चूक होतं असं सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या घटनापीठानं सांगितलं, पण तोवर ११ मार्च १९९४ उजाडला होता. बोम्मईंना त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. उपयोग पुढच्यांना झाला, आणि तो कसा, हे ज्या प्रसंगातून दिसतं तो आज सविस्तर सांगायचाय. बाकीचं थोडक्यात आटपू.

उत्तर प्रदेश, फेब्रुवारी १९९८.

पण त्याआधी चार महिने मागे जावं लागेल. ऑक्टोबर १९९७. बहुजन समाज पक्षानं पाठिंबा काढल्यामुळे भाजपचे मुख्यमंत्री कल्याणसिंग यांना बहुमत सिद्ध करायचं होतं. २१ तारखेला लखनौच्या विधानसभेत जे झालं ते अनेकांना आठवत असेल. आमदारांनी बाकांवरचे माईक उपटले आणि एकमेकांवर फेकले. डोकी मोजायच्या जागी डोकी फुटली. त्या गदारोळातही कल्याणसिंग यांनी ठराव जिंकला. तरी राज्यपाल रोमेश भंडारी यांनी राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली, केंद्रातल्या गुजराल सरकारनं ती उचलून धरली, आणि राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी २२ तारखेला ती फेरविचारासाठी मंत्रिमंडळाकडे परत पाठवली. राष्ट्रपती सही न करता कागद परत पाठवू शकतात, हे त्या दिवशी देशाला दिसलं. सरकार वाचलं.

वाचलं, पण किंमत मोजून. फुटून आलेल्या प्रत्येक गटाला काहीतरी द्यायचं होतं, म्हणून कल्याणसिंग यांचं मंत्रिमंडळ झालं ९३ जणांचं. त्र्याण्णव! आता ते शक्य नाही. २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीनं मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर रोखली. आपल्याकडे २८८ आमदार, म्हणजे मुख्यमंत्री धरून जास्तीत जास्त ४३. मग महामंडळांची अध्यक्षपदं आणि नाना प्रकारच्या समित्या यांचं पीक का येतं, हे वेगळं सांगायला नको. मंत्रिपद नाही तर निदान सरकारी गाडी, अशी ती सोय. असो. लखनौला परत जाऊ.

२१ फेब्रुवारी १९९८. लोकसभेची निवडणूक चालू आहे, दुसऱ्याच दिवशी मतदानाचा एक टप्पा आहे. त्या दिवशी मायावती विरोधी आमदारांना घेऊन राजभवनावर पोचतात. सोबत जगदंबिका पाल. हे पाल कोण? कल्याणसिंग यांच्याच मंत्रिमंडळातले मंत्री. काँग्रेसमधून फुटून सरकारात आलेल्या लोकतांत्रिक काँग्रेसचे. आता तोच गट उलटला होता आणि पाल नेते म्हणून पुढे आले होते. कल्याणसिंग म्हणाले, विधानसभेत बहुमत दाखवतो, बोलवा सभागृह. राज्यपालांनी ऐकलं नाही. सरकार बरखास्त, आणि त्याच रात्री पाल यांचा मुख्यमंत्री म्हणून शपथविधी.

इकडे अटलबिहारी वाजपेयी लखनौत उपोषणाला बसले. तिकडे अलाहाबाद उच्च न्यायालयात याचिका गेली. २३ तारखेला उच्च न्यायालयानं अंतरिम आदेश दिला की बरखास्तीला स्थगिती, कल्याणसिंग यांचं सरकार पूर्ववत. पाल सर्वोच्च न्यायालयात धावले. आता स्थिती बघा. एकाला राज्यपालांनी शपथ दिलेली आहे. दुसऱ्याला उच्च न्यायालयानं परत बसवलेलं आहे. राज्य एक, मुख्यमंत्रिपदाचे दावेदार दोन, आणि दोघांच्याही खिशात कागद.

सर्वोच्च न्यायालयानं २४ तारखेला जो आदेश दिला तो मोठा मजेदार आहे, कारण तो निकालपत्रासारखा लांबलचक नाही, कामाच्या यादीसारखा आहे. त्यात राज्यपाल चुकले की बरोबर, यावर काथ्याकूट नाही. आदेश असा की २६ फेब्रुवारीला विधानसभेचं खास अधिवेशन भरवा. त्यात विषय एकच असेल, दोघांपैकी बहुमत कुणाकडे. कामकाज पूर्ण शांततेत झालं पाहिजे, गोंधळ गांभीर्यानं घेतला जाईल. हे वाक्य कुठून आलं ते आपल्याला ठाऊक आहे, चार महिन्यांपूर्वीचे माईक न्यायालयाच्याही लक्षात असणारच. निकाल अध्यक्षांनी खरा आणि प्रामाणिकपणे जाहीर करावा. तोवर सरकारनं रोजच्या कामापलीकडे कोणताही मोठा निर्णय घेऊ नये.

आणि मला सगळ्यात आवडतं ते कलम पुढेच आहे. हा आदेश हीच सर्व आमदारांना अधिवेशनाची नोटीस समजावी. म्हणजे काय? म्हणजे 'मला सूचना मिळाली नाही', 'टपाल पोचलं नाही', 'नियमाप्रमाणे इतके दिवस आधी कळवायला हवं होतं', या सगळ्या पळवाटांचं दार एका ओळीत बंद. आपल्या कायदेमंडळांची निम्मी भांडणं नोटिशीच्या तारखेवर चालतात. ती शक्यताच उरली नाही.

२६ फेब्रुवारी. अध्यक्ष केसरीनाथ त्रिपाठी आसनावर. त्यांच्या एका बाजूला कल्याणसिंग, दुसऱ्या बाजूला जगदंबिका पाल. एका सभागृहात दोन मुख्यमंत्री बसलेले, आणि समोर आमदार. ४२५ जागांचं ते सभागृह. मतं मोजली. कल्याणसिंग २२५, पाल १९६. संपलं. माईक उपटला गेला नाही, खुर्ची फेकली गेली नाही.

मग २१ तारखेच्या रात्री राजभवनात जे बहुमत दिसत होतं ते गेलं कुठे? ते पाच दिवसांत विरघळलं. पाल यांच्याच लोकतांत्रिक काँग्रेसचे आमदार परत कल्याणसिंग यांच्याकडे गेले होते. म्हणजे राजभवनातला आकडा कदाचित त्या रात्रीपुरता खराही असेल, पण तो सभागृहापर्यंत टिकला नाही. जगदंबिका पाल यांना लोक अजून 'एक दिवसाचे मुख्यमंत्री' म्हणतात. पुढे ते काँग्रेसमध्ये गेले आणि २०१४ साली भाजपमध्ये. हो, भाजपमध्येच. राजकारणात आठवणींची मुदत किती, ते यावरून समजा.

आता या प्रसंगातून निघालेली पद्धत बघू. सर्वोच्च न्यायालयानं ती पुढे पुन्हा पुन्हा वापरली. २०१८मध्ये कर्नाटकात येडियुरप्पा यांना राज्यपालांनी १५ दिवस दिले होते. न्यायालयानं रात्रभर सुनावणी घेतली आणि मुदत आणली १९ मे, दुपारी ४ वाजता. मतदान होण्याआधीच राजीनामा आला. २०१९च्या नोव्हेंबरात आपल्याकडे पहाटे राष्ट्रपती राजवट उठली, सकाळी शपथविधी झाला. २६ तारखेचा आदेश काय होता? उद्या संध्याकाळी ५ पर्यंत, हंगामी अध्यक्षांच्या देखरेखीखाली, गुप्त नाही तर खुलं मतदान, आणि थेट प्रक्षेपण. त्याच दुपारी देवेंद्र फडणवीस यांनी राजीनामा दिला. पक्ष कोणता, हे इथे गौण आहे. मुदत तोकडी झाली की आकडा खरा काय ते लगेच कळतं. मुदत लांबली की बसगाड्या लांब जातात. म्हणून अशी बातमी आली की किती आमदार फुटले हे नंतर विचारा, आधी विचारा, किती दिवस दिले?

आता मोजणी. २८८ची निम्मी १४४, अधिक एक, म्हणून १४५ हा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो. पण विश्वासदर्शक ठरावाला लागतं ते हजर राहून मत देणाऱ्यांचं बहुमत. हजर राहून मत देणाऱ्यांचं. एकूण जागांचं नाही. ४ जुलै २०२२ला एकनाथ शिंदे यांच्या बाजूनं १६४ आणि विरोधात ९९ मतं पडली. बेरीज २६३. म्हणजे त्या दिवशी १३२ मतंही पुरली असती. म्हणून विरोधात मत देण्यापेक्षा 'वाहतुकीत अडकलो', 'तब्येत बरी नव्हती' म्हणणारा आमदार जास्त कामाचा ठरतो. तो कुणाचा शत्रू होत नाही आणि लागणारा आकडा मात्र खाली आणतो. अध्यक्षांचं मत धरू नका, ते फक्त बरोबरी झाली तर देतात. एका मतानं काय होतं विचाराल तर १७ एप्रिल १९९९ला लोकसभेत पडलेलं वाजपेयी सरकार, २६९ विरुद्ध २७०.

मत घेण्याचे प्रकारही ऐकताना ओळखता यायला हवेत. आवाजी मतदानात 'होय' आणि 'नाही'चा गजर होतो आणि कुठला मोठा ते अध्यक्ष ठरवतात. विश्वासाच्या ठरावाला हा प्रकार अत्यंत वाईट. आपल्याच विधानसभेत १२ नोव्हेंबर २०१४ला विश्वासदर्शक ठराव असाच आवाजी मतदानानं मंजूर झाला आणि विरोधकांना मतविभाजन, म्हणजे बाजूची आणि विरोधातली मतं प्रत्यक्ष मोजून घेणं, मिळालं नाही. मतविभाजन मागायचं तर निकाल पुकारताक्षणी मागावं लागतं, पुढचा विषय घेतला की वेळ गेली. मग घंटा वाजते, दारं बंद होतात आणि मोजणी होते. शिरगणतीत एकेक सदस्य उभा राहतो, आपला क्रमांक सांगतो. वेळखाऊ आहे, पण कुणी कुठे मत दिलं ते घरबसल्या दिसतं. विधानभवनाच्या पायऱ्यांवर फलक घेऊन उभं राहण्यात आमदारांचा जो वेळ जातो, त्यातली दहा मिनिटं या मोजणीला द्यायला कुणाची हरकत नसावी. त्या पायऱ्यांवर आता इतकी गर्दी असते की आत कुणी आहे का, अशी शंका येते.

आणखी दोन गोष्टी, ज्यांचा बातम्यांत नेहमी घोळ होतो.

पहिली म्हणजे, लढाई हरणार असं दिसलं तरी मतदानाआधी राजीनामा दिला, की न्यायालयाचा रस्ता अरुंद होतो. उद्धव ठाकरे यांनी २९ जून २०२२ला, चाचणीच्या आदल्या रात्री राजीनामा दिला. ११ मे २०२३च्या निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की बहुमत चाचणी बोलावायला राज्यपालांकडे पुरेसं कारण नव्हतं, पण ठाकरे चाचणीला सामोरे न जाता पायउतार झाले, त्यामुळे त्यांना परत बसवता येणार नाही.

दुसरी गोष्ट पक्षादेशाची, म्हणजे व्हिपची. व्हिप मोडून दिलेलं मत बाद होतं, असा सरसकट समज आहे. तसं नाही. ते मत मोजलं जातं. सरकार पडायचं असेल तर पडतं, टिकायचं असेल तर टिकतं. आमदार अपात्र होतो की नाही हा प्रश्न नंतरचा. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाप्रमाणे, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याप्रमाणे, पक्षानं १५ दिवसांत माफ केलं तर तो प्रश्नच मिटतो. नाही केलं तर अर्ज अध्यक्षांकडे जातो, आणि अध्यक्ष स्वतः एका पक्षातून निवडून आलेले असतात. अशा अर्जांवर साधारण ३ महिन्यांत निर्णय व्हावा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली मणिपूरच्या प्रकरणात म्हटलं. आपल्याकडे जून २०२२च्या फुटीवरचे अर्ज निकाली निघाले १० जानेवारी २०२४ला, अपात्र कुणीच ठरलं नाही. तोवर त्याच सभागृहानं एक अख्खा अर्थसंकल्प मंजूर केलेला होता आणि विधानसभेची मुदत संपायला अकरा महिनेही उरले नव्हते.

नमस्कार.