दहा नंबरच्या सुया
(लघुमाहितीपटाचे निवेदन)

[गल्ली, सकाळ. ओट्यावर सरकत येणारं ऊन.]

धुळ्याच्या पेठेत गल्ल्या नंबरांनी ओळखल्या जातात. या गल्लीत पौषातलं ऊन ओट्यावर पोहोचायला साडेनऊ वाजतात. तोवर पाणी भरून झालेलं असतं, डबे गेलेले असतात, आणि काकू सुया घेऊन बाहेर येऊन बसतात. सगळी गल्ली त्यांना काकूच म्हणते.

त्यांचे डोळे बघा. ते हातांकडे नाहीत. भाजीवाल्याला मेथीचा भाव विचारतानाही सुई चाललेलीच आहे.

सुया दहा नंबरच्या. या सुयांचा नंबर वाढतो तशी सुई बारीक होत जाते. दहा नंबर म्हणजे 3.25 मिलिमीटर. जाड लोकरीला आठ नंबर, बाळाच्या टोपड्याला बारा. लोकर आग्रा रोडवरच्या दुकानातली, पण आलेली लुधियानाहून. कापूस पिकवणाऱ्या खान्देशात लोकरीसाठी पंजाबकडे बघावं लागतं. बहुतेकदा ती मेंढीचीही नसते, ॲक्रिलिकची असते. काकूंना ते चालतं. घरी धुतली तरी आटत नाही.

[वहीचं पान, जवळून.]

ही वही लग्नाच्या आधीपासूनची. ‘2 सु., 2 उ.’ म्हणजे दोन सुलट, दोन उलट. ही बॉर्डर. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा साध्या विणीची कड गुंडाळली जाते, बॉर्डरची जात नाही. ती ताणते आणि परत जागेवर येते, म्हणून कमरेला आणि मनगटाला तीच.

स्वेटर सुरू करण्याआधी काकू एक चौकोन विणतात आणि त्यावर पट्टी ठेवतात. दहा सेंटिमीटरमध्ये 22 टाके, 28 ओळी. छाती 90 सेंटिमीटर, त्यात 6 ची ढिलाई. निम्मे केले की पाठीला 48. म्हणजे सुईवर 106 टाके. काखेपर्यंत 40 सेंटिमीटर, म्हणजे 112 ओळी. एकट्या पाठीचे, तेही काखेपर्यंतचेच, 11,872 टाके. मग काखेची घट, गळा, पुढची बाजू, दोन बाह्या. हे सगळं गणित वहीच्या समासात आहे, पेन्सिलीने. ‘वेळ जात नाही म्हणून विणतात’ असं म्हणणाऱ्यांनी हा समास एकदा वाचावा.

[सुटलेला टाका. कॅमेरा स्थिर.]

इथे एक टाका निसटला आहे. चौदा ओळी खाली गेलाय.

मागावरच्या कापडात ताणा असतो, बाणा असतो. दोन धागे एकमेकांना धरून राहतात. इथे धागा एकच. प्रत्येक फास खालच्या फासातून निघालेला. वरचा सुटला की तो ज्यातून निघालेला तो खालचाही सुटतो. ही बघा शिडी, तिच्या एकेका आडव्या धाग्याची एकेक ओळ होती.

आपण असतो तर चौदा ओळी उसवल्या असत्या. काकू क्रोशाची सुई घेतात. खालचा फास पकडतात, वरचा आडवा धागा त्यातून ओढतात. एक पायरी. पुन्हा ओढतात. दुसरी.

‘उसवानं नही,’ त्या म्हणतात, ‘उचलानं.’

चौदावी पायरी. टाका सुईवर परत.

[गच्ची. खुर्चीच्या पाठीवर लोकरीची लडी.]

उसवतात ते जुने स्वेटर. हा मुलाचा, चौथीतला. मुलगा आता पुण्यात नोकरीला असतो. शिवण सोडवायची, बंद केलेल्या टाक्यांचं टोक शोधायचं आणि ओढायचं. लोकर अशी कुरळी निघते. तिची लडी करून कोमट पाण्यातून काढायची आणि टोकाला तांब्या बांधून टांगायची. वजनाने ती सरळ होते, मग गुंडा. कोपराशी विरलेला तुकडा तेवढा टाकून द्यायचा.

विणलेलं कुणी विकत घेतलंच, तर लोकरीचे पैसे देतं, हातांचे नाही. उजवं मनगट दुखतं. उन्हाळ्यात लोकर घामाने बोटांना चिकटते, तेव्हा सुती दोऱ्याची तोरणं.

[शिवार, रात्र. बॅटरीचा उजेड.]

इथल्या थंडीला उत्तरेचे कोरडे वारे जबाबदार. काही हिवाळ्यांत पारा 5–6 अंशांवर येतो. आणि शेतीची लाइट पुष्कळदा रात्रीची. तेव्हा गव्हाला पाणी द्यायचं तर बांधावर रात्री उभं राहावं लागतं.

हा काकूंचा पुतण्या. गेल्या वर्षीची कानटोपी वर सरकते म्हणून त्याने फोन केला होता. या वर्षी काकूंनी कानाच्या पाळ्या सहा ओळींनी वाढवल्या. लोकर कुठली, ते तुम्ही गच्चीवर पाहिलंत.

[यापुढे निवेदन नाही. मोटर सुरू होते. सरीत पाणी येतं.]