एल्फीवरची संध्याकाळ

कराचीचा सदर भाग. पडद्यावर दिसतोय तो एम्प्रेस मार्केटचा मनोरा, 1889 सालचा. क्रॉफर्ड मार्केटात भाजी घेतलेल्या माणसाला ही इमारत ओळखीची वाटेल. वाटणारच. 1936 पर्यंत कराची मुंबई इलाख्यातच होती. इथल्या बंदर रोडवरची, 1855 साली सुरू झालेली सरकारी शाळा आजही एन.जे.व्ही. म्हणून ओळखली जाते. हे एन.जे.व्ही. म्हणजे नारायण जगन्नाथ वैद्य, शिक्षण खात्यातला एक मराठी माणूस. रस्त्याचं नाव बदललं, शाळेचं राहिलं.

जवळच एल्फिन्स्टन स्ट्रीट. कराचीकरांची ‘एल्फी’. कागदोपत्री ती कधीच झेबुन्निसा स्ट्रीट झाली, पण जुनी माणसं एल्फीच म्हणतात. आपल्याकडे 2018 मध्ये एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं प्रभादेवी झालं, तरी तोंडातून जुनंच नाव निघतं ना, तसंच.

साठच्या दशकात या एल्फीवर संध्याकाळी नुसतं फिरायला यायचं. खरेदी झाली तर झाली. बायका साड्यांत, पुरुष इस्त्रीच्या सुटात. पलीकडून घंटा वाजवत ट्राम यायची. मुंबईची ट्राम विजेवर चालायची. कराचीच्या ट्रामच्या पोटात मात्र इंजिन होतं, आधी पेट्रोलचं, मग डिझेलचं. वर तारांचं जाळं नाही, खाली धूर आणि खडखडाट. मुंबईने आपली शेवटची ट्राम 31 मार्च 1964 ला निरोप देऊन थांबवली. कराचीची 1975 पर्यंत रखडत चालली.

आणि कोपऱ्याकोपऱ्यावर इराणी. संगमरवरी टेबल, गोल पाठीच्या लाकडी खुर्च्या, गल्ल्यावर मालक, बशीत सांडलेला चहा. एका कपावर दोन तास बसलेला विद्यार्थी, शेजारी एखादा बेकार शायर. मालकाने उठवायचं नाही, हा अलिखित करार. या जागांवर पुढे दुकानं आली, मोबाइलचे गाळे आले. हे तर आपल्याकडेही झालं, त्यात पाकिस्तानचं वेगळं काही नाही.

वेगळं आहे ते पुढचं. तिथल्या कुठल्याही वडीलधाऱ्या माणसाला विचारा, हे सगळं कधी गेलं? बहुतेकदा उत्तर येतं, “ज़िया आया, सब ख़त्म.” 5 जुलै 1977, जनरल झिया उल हक यांचा लष्करी उठाव. बातम्या देणाऱ्या बायकांच्या डोक्यावर पदर आला, भर चौकात फटके मारण्याच्या शिक्षा झाल्या. हे खरंच आहे.

पण दारूबंदी केली, नाइट क्लब बंद केले, रविवारची सुट्टी शुक्रवारवर नेली, ती झुल्फिकार अली भुट्टोंनी. उठावाच्या आधी, 1977 च्याच वसंतात, निवडणुकीवरून रस्ते पेटलेले असताना. अहमदिया पंथीयांना घटनादुरुस्तीने गैरमुस्लिम ठरवलं, ते 1974 मध्ये. तेही भुट्टोच.

उलटंही आहे. संध्याकाळी आठला रस्ते ओस पडायचे, लग्नाची वेळ मालिका बघून ठरवायचे, असं लोक सांगतात त्या पीटीव्हीच्या, म्हणजे पाकिस्तानी सरकारी टीव्हीच्या, गाजलेल्या मालिका कुठल्या? ‘अनकही’ 1982, ‘तनहाइयाँ’ 1985, ‘धूप किनारे’ 1987. तिन्ही हसीना मोईन यांच्या लेखणीतल्या, तिन्ही झियांच्या राजवटीतल्या. व्हिडिओ कॅसेटवरून त्या भारतातही पोचल्या. सोन्याचे दिवस म्हणून ज्यांची आठवण निघते, त्यातले अर्धे ‘सगळं संपल्या’नंतरचे आहेत.

मग राहिली साडी. तेव्हाच्या कराचीतल्या घरोघरच्या अल्बममध्ये ती सापडते: क्लिफ्टनच्या समुद्रावर, वाढदिवसाला, कॉलेजच्या संमेलनात. आता नाती ते फोटो इन्स्टाग्रामवर टाकतात, खाली बदामांचा पाऊस पडतो. साडी मागे का पडली, याचंही खापर झियांवरच फुटतं. त्यात तथ्य आहे, पण एक दुवा आणखी जुना आहे.

त्या काळी कराचीतल्या हौशी बायकांना ढाक्याची जामदानी घेता यायची. तलम सुती, मागावरच विणलेली नक्षी. तेव्हा ढाका त्यांच्याच देशातलं, पूर्व पाकिस्तानातलं शहर होतं. मार्च 1971 मध्ये त्या शहरात पाकिस्तानी लष्कर घुसलं, डिसेंबरात पूर्व पाकिस्तानचा बांगलादेश झाला. कराचीच्या ट्रंकांमधली जामदानी जागच्या जागी परदेशी झाली.