गुलाबी झाकण, खरकटी बशी

(दृश्य: तळघर. एकच दिवा. यंत्रावरची चादर ओढली जाते.)

आधी झाकणाचा आवाज ऐका. जुन्या गोदरेज कपाटाचं दार लागतं ना, तसा. जड आणि भरीव.

भांडी धुण्याचं हे यंत्र अमेरिकेतलं, १९५० च्या दशकातलं. रंग म्हणाल तर रोझ सिरपमध्ये दूध जरा जास्त पडल्यावर येतो तो. कडेने क्रोमची पट्टी, वर मोटारीच्या डॅशबोर्डवरून उचलून आणावी तशी तबकडी, खाली चाकं. जेवणं झाली की ढकलत सिंकपाशी न्यायचं, नळाला रबरी नळी अडकवायची, झाकण पाडायचं, तबकडी फिरवायची. मग आतून पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज सुरू होतो.

आज आत एक बशी ठेवली आहे. तिच्यावर अंड्याचं पिवळं काल रात्रीपासून सुकलंय. तिच्याकडे परत येऊच.

अशी यंत्रं जमवणारे हौशी लोक अमेरिकेत आहेत. कुणाचं जुनं घर विकायला निघालं, स्वयंपाकघर तोडायला काढलं, की यांचे कान टवकारतात. आणलेलं यंत्र उघडायचं, कडक झालेली रबरी सीलं बदलायची, जाळीच्या गंजलेल्या काड्यांना नवा लेप द्यायचा, एनॅमलचा टवका उडाला असेल तिथे रंग जुळवत बसायचं. काहीजण तर झाकणाच्या जागी पारदर्शक अ‍ॅक्रिलिक बसवतात, आतला धुमाकूळ दिसावा म्हणून. इतकं करून भांडी स्वच्छ निघतात का? हा प्रश्न त्यांना विचारू नये. रोजच्या भांड्यांसाठी वर स्वयंपाकघरात वेगळी सोय असते.

(दृश्य: कॅमेरा यंत्राच्या तळाशी.)

का निघत नाहीत, ते इथे दिसतं. ही छोटी फिरकी बघा, बोटीच्या पंख्यासारखी. तळाशी साचलेलं गरम पाणी ती वर भिरकावते. बस, एवढंच. पाणी जिथे आदळेल तिथलं निघेल. एका बशीच्या आड दुसरी असली तर ती नुसती भिजते. गाळणीही नावापुरती, त्यामुळे एका ताटलीवरून सुटलेलं मटाराचं साल तेच पाणी नेऊन पेल्याला चिकटवतं. म्हणून घरातली बाई भांडी आधी विसळायची आणि मग यंत्रात लावायची. अर्धं काम हाताने, अर्धं यंत्राने, आणि यंत्राचे पैसे मात्र पूर्ण.

गंमत म्हणजे याहून बरी युक्ती सत्तर वर्षं आधीच सापडली होती. इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल गावची जोसेफीन कॉक्रन. नोकरांच्या हातून तिच्या चिनी मातीच्या भांड्यांचे टवके उडायचे, तिथून हे सुरू झालं. (भांडी घासायला बाई असलेल्या आपल्याकडच्या कुठल्याही घरात ही तक्रार समजेल.) १८८३ मध्ये नवरा वारला, मागे कर्ज ठेवून. तिने जॉर्ज बटर्स नावाच्या मेकॅनिकला हाताशी धरलं. प्रत्येक कपाच्या, प्रत्येक बशीच्या मापाने तारेच्या जाळ्या वळवल्या, त्या तांब्याच्या बॉयलरमधल्या चाकावर बसवल्या आणि साबणाचं गरम पाणी जोराने मारलं. घासणी नाही, नुसता पाण्याचा मारा. पेटंट मिळालं २८ डिसेंबर १८८६ ला.

गिऱ्हाईक मिळालं ते हॉटेलांचं, कारण तेवढं कढत पाणी घरांत नव्हतंच. शिकागोच्या शर्मन हाउस हॉटेलात ती ऑर्डर मागायला गेली. पुढे तिने सांगितलं की यंत्र बनवण्याहून ती लॉबी एकटीने ओलांडणं अवघड होतं. वडील किंवा नवरा सोबत नसताना ती कधी कुठे गेलीच नव्हती. बाहेर पडली ती ८०० डॉलरची ऑर्डर घेऊन.

दुसऱ्या महायुद्धानंतर यंत्र घराघरात खपवायची वेळ आली, तेव्हा दुकानात भांडी धुऊन कोण बघणार? दिसतो तो रंग. मग गुलाबी, पिवळी, फिरोजी स्वयंपाकघरं आली. थॉर कंपनीने तर ऑटोमॅजिक नावाचं यंत्र काढलं: आतला टब बदलायचा, की कपड्यांच्या यंत्रात भांडी. आमच्या आजीला हे सांगितलं असतं तर तिने यंत्रासकट आम्हाला अंगणात उभं केलं असतं.

या देखणेपणाचं राजकारणही झालं. २४ जुलै १९५९, मॉस्को. अमेरिकी प्रदर्शनातल्या लिंबू-पिवळ्या स्वयंपाकघरात उपाध्यक्ष निक्सन सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हना भांडी धुण्याचं यंत्र दाखवतात. ख्रुश्चेव्ह म्हणतात, असली यंत्रं आमच्याकडेही आहेत. त्याच प्रदर्शनात व्हर्लपूलचं 'मिरॅकल किचन' होतं. त्यातलं यंत्र आपलंआपण सरकत जेवणाच्या टेबलापाशी यायचं. प्रत्यक्षात एकतर्फी आरशामागे बसलेला माणूस ते चालवत होता. बशी धुतली जाते की नाही, हा विषयच निघाला नाही.

आता या जमवणाऱ्यांची एक खरी अडचण. जुन्या यंत्रांची निम्मी भिस्त साबणाच्या भुकटीतल्या फॉस्फेटवर होती. ते क्षारांचं जड पाणी मऊ करायचं, सुटलेला मळ पुन्हा बसू द्यायचं नाही. पण तेच फॉस्फेट तलावात जाऊन शेवाळ माजवायचं. जुलै २०१० मध्ये अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांनी बंदी घातली आणि कंपन्यांनी ते काढून टाकलं. त्यामुळे ही यंत्रं आज तरुणपणी धूत होती त्याहूनही वाईट धुतात. यावर काही हौशी लोक सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेटची, म्हणजे त्याच फॉस्फेटच्या भुकटीची, पिशवी बाळगतात आणि चिमूटभर वरून घालतात. चोरून तूप वाढावं तसं.

(दृश्य: तबकडी शून्यावर येते. टिकटिक थांबते.)

झाकण उघडलं. वाफ. जाळी हाताला चटका देतेय. आपली बशी दुसऱ्या रांगेत आहे, कड अशी चकचकीत की दिव्याचं प्रतिबिंब दिसतंय. मधोमध पिवळं. तळाच्या हीटरने बशी वाळवली, तिच्यासोबत तेही भाजून पक्कं केलं. नख लावून बघितलं. हलत नाही.

(दृश्य: गुलाबी झाकण हळूच बंद होतं. पाठीमागे नळ सोडल्याचा आवाज, आणि घासणीचा.)