कोणाला, कशापासून?

नमस्कार. मी तांत्रिक मजकुराची भाषांतरं करते. यंत्रांची माहितीपत्रकं, रुग्णालयांच्या सूचना, असलाच मजकूर. आज एकाच शब्दावर बोलणार आहे, कारण या एका शब्दानं मला जितकं छळलंय तितकं दुसऱ्या कुठल्या क्वचितच छळलं असेल. आयसोलेशन.

२०२० मध्ये हा शब्द घरोघरी पोचला आणि त्याच्या पाठोपाठ विलगीकरण, अलगीकरण हेही आले. त्यातला कुठला कशासाठी, याचा घोळ मात्र शेवटपर्यंत मिटला नाही. फरक तसा सोपा आहे. आजारी माणसाला वेगळं ठेवलं तर ते आयसोलेशन. जो आजाऱ्याच्या संपर्कात आलाय पण अजून धडधाकट आहे, त्याला ठेवलं तर क्वारंटाइन. क्वारंटाइन म्हणजे मुळात चाळीस दिवस. १३७७ मध्ये रागुसा बंदरानं, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या दुब्रोवनिकनं, प्लेगच्या भागातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबवायचं ठरवलं. पुढे तिसाचे चाळीस झाले आणि नाव चाळिसाचं राहिलं.

आयसोलेशनचं मूळ लॅटिनमधल्या 'इन्सुला'त आहे. इन्सुला म्हणजे बेट. एखाद्याला आयसोलेट करायचं म्हणजे त्याचं बेट करायचं. इन्सुलेशन हे याच घरातलं. इन्सुलिनसुद्धा! स्वादुपिंडातले पेशींचे पुंजके पाउल लांगरहान्सनं १८६९ मध्ये पाहिले. ते बेटांसारखे दिसतात म्हणून पुढे त्यांना बेटंच म्हणू लागले आणि त्यांतून पाझरणाऱ्या द्रव्याला बेटावरून नाव मिळालं. १९२१ मध्ये टोरंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी ते द्रव्य वेगळं काढलं. इंग्रजीत या वेगळं काढण्यालाही आयसोलेट करणंच म्हणतात. आपण मात्र इथे बेट वगैरे करत नाही, सरळ 'वेगळं काढतो'. माणसाच्या बाबतीत 'एकटं पाडतो', फारच राग असेल तर 'वाळीत टाकतो'. आपली क्रियापदं बोलतानाच आपला हेतू उघड करतात. इंग्रजी शब्द तो पोटात ठेवतो, आणि भाषांतर करणाऱ्याची तिथेच पंचाईत होते.

माझीच एक फजिती सांगते. वीजपुरवठ्याच्या एका पुस्तिकेत आयसोलेटरबद्दल, म्हणजे लाइन तोडायच्या स्विचबद्दल, एक वाक्य होतं, त्याचं मी केलं, 'आयसोलेटर उघडा'. शब्दाला शब्द, चूक काढायला जागा नाही. मजकूर तपासायला एक अनुभवी वायरमन होते. ते म्हणाले, "बाई, नळ उघडला की पाणी येतं. हे वाचून नवा पोरगा काय समजेल?" विजेचं उलटं असतं. सर्किट उघडलं की प्रवाह थांबतो. शिवाय मी आयसोलेटर आणि इन्सुलेटर यांत एका ठिकाणी गल्लत केली होती, तीही त्यांनी पकडली. इन्सुलेटर वीज अडवतो. आयसोलेटर म्हणजे तुटलेपणाचा डोळ्यांना दिसणारा पुरावा: दोन पात्यांमधली मोकळी फट. उच्च दाबाच्या लाइनवर वीज चालू असताना तो ओढायचा नसतो, मोठी ठिणगी पेटते. आधी ब्रेकरनं, म्हणजे चालू प्रवाह तोडण्यासाठीच बनवलेल्या स्विचनं, प्रवाह तोडायचा, मग आयसोलेटर, मग त्याच्या दांड्याला स्वतःचं कुलूप, आणि किल्ली स्वतःच्या खिशात. शेवटी छापलं, 'आयसोलेटर ओढून लाइन तोडा, फट दिसते का पाहा'. वाक्य लांबलं, पण त्या पोराच्या जिवाशी खेळ नको.

तेव्हापासून हा शब्द दिसला की मी आधी विचारते, कोणाला, कशापासून? रुग्णालयाच्या मजकुरात तर हे विचारल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. क्षयाच्या रुग्णाची आयसोलेशन खोली घ्या. तिथे खोलीतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात, म्हणजे दार उघडलं की हवा आत जाते, आतली बाहेर येत नाही. अस्थिमज्जा बदललेल्या रुग्णाची खोलीही आयसोलेशनचीच, पण तिथे दाब जास्त. हवा आतून बाहेर. पहिल्यात रुग्णापासून जग वाचवायचं असतं, दुसऱ्यात जगापासून रुग्ण. दाराखालच्या फटीशी टिश्यू कागदाची पट्टी धरली तर ती एकीकडे आत ओढली जाते, दुसरीकडे बाहेर फडफडते. दोन्ही दारांवर एकच 'विलगीकरण कक्ष' असं लिहून मोकळं होणं मला तरी जमत नाही.

बरं, बेट म्हटलं म्हणून सगळेच संबंध तुटतात असंही नाही. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन वेटोळी एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत, तरी चुंबकीय क्षेत्रातून वीज पलीकडे पोचते. भूकंपासाठी इमारतीखाली रबराच्या आणि पोलादाच्या थरांचे ठोकळे बसवतात, त्यालाही बेस आयसोलेशन म्हणतात. इमारतीचा सगळा भार त्या ठोकळ्यांतून जमिनीवर उतरतो, जमिनीचा आडवा हिसका मात्र वर फारसा जात नाही. डेटाबेसवाल्यांचं आणखी मजेशीर. शेवटचं एक तिकीट दोघांनी एकाच क्षणी मागितलं, तर प्रत्येकाला आपण एकटेच आहोत असं वाटलं पाहिजे आणि तिकीट मात्र एकालाच मिळालं पाहिजे. डेटाबेसला प्रश्न विचारायची जी भाषा, त्या एसक्यूएलच्या १९९२ च्या प्रमाणात या वेगळेपणाच्या चक्क चार पायऱ्या आहेत. जितकी कडक पायरी, तितकं सहसा थांबणं जास्त. याला मराठीत काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही, मी 'आयसोलेशन' असंच ठेवते.

जाता जाता भाषाशास्त्र, कारण तिथे हा शब्द स्वतःशीच भांडतो. ज्या भाषेचं एकही नातेवाईक सापडत नाही ती 'आयसोलेट', जशी स्पेन-फ्रान्सच्या सीमेवर बोलली जाणारी बास्क. आणि जिच्यात शब्दांना प्रत्यय लागत नाहीत, प्रत्येक शब्द सुटा उभा राहतो ती 'आयसोलेटिंग', जशी व्हिएतनामी. आपल्या 'घर'चं 'घरात' म्हणताना 'घरा' होतं, तसलं काही तिथे नाही. आता बास्क 'आयसोलेट' आहे म्हणून तिचे शब्दही सुटे असतील असं वाटेल. तर ते नाही. बास्कमध्ये एकेका शब्दाला प्रत्ययामागून प्रत्यय चिकटत जातात.