पिशवीत सर्वांत वर काय?

श्रोतेहो, नमस्कार.

कऱ्हाडहून चिपळूणला जाणारी एसटी, आणि कुंभार्ली घाट. माझा धाकटा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. तिसऱ्या-चौथ्या वळणाला तो एकदम गप्प झाला, ओठ पांढरे पडले आणि मी काही करायच्या आत त्याला उलटी झाली. त्याच्या अंगावर, माझ्या साडीवर आणि शेजारच्या आजोबांच्या सदऱ्यावरसुद्धा. माझ्याकडे टॉवेल होते, चांगले चार. बदलायचे कपडे होते. प्लॅस्टिकच्या पिशव्याही आठवणीनं घेतल्या होत्या. पण हे सगळं एका मोठ्या बॅगेत नीट घड्या घालून भरलेलं, आणि ती बॅग गाडीच्या टपावर दोरीनं बांधलेली. शेवटी त्या आजोबांनीच खांद्यावरचा पंचा काढून माझ्या हातात दिला. चिपळूण येईपर्यंत पोर ओल्या कपड्यांत कुडकुडत बसलं होतं.

याला बरीच वर्षं झाली. त्या दिवसापासून सामान भरताना मी प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच विचारते: ही कधी लागेल, आणि तेव्हा ती कुणाच्या हाताशी असेल? काय काय घ्यायचं याच्या याद्या घरोघरी असतात आणि त्या बहुतेक बरोबरही असतात. प्रवासात माणसं अडतात ती वस्तू घरी राहिल्यामुळे फार कमी वेळा. बहुतेक वेळा ती बॅगेच्या तळाशी असते.

म्हणून निघायच्या दोन दिवस आधी आमच्याकडे सगळे बसतात आणि तो दिवस तोंडी चालून बघतात. दाराला कुलूप लावल्यापासून परत कुलूप उघडेपर्यंत. यात मुलांना बसवायचंच, आणि सासूबाईंनाही. त्यांना जे सुचतं ते आपल्याला सुचत नाही.

मागच्या हिवाळ्यात आम्ही अलिबागला गेलो, तेव्हाचंच सांगते. नातवंडांना कुलाबा किल्ला बघायचा होता. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा हा किल्ला भर समुद्रात आहे, आणि ओहोटीला पुळणीवरून चालत तिथं जाता येतं. आता इथं बॅगेच्या आधी वेळ भरावी लागते. ओहोटी किती वाजता, हे कळल्याशिवाय घरून कधी निघायचं तेच ठरत नाही. कोकणातल्या माणसांचा यासाठी जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे साधारण तीन वाजता पूर्ण भरती. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे, म्हणजे नऊच्या सुमाराला, पूर्ण ओहोटी. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची. हा अंदाज आहे, मिनिटाचा हिशेब नव्हे. पण कॅलेंडर बघून सहलीचा दिवस ठरवायला पुरतो. आणखी एक ध्यानात ठेवायचं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती-ओहोटी असते, तेव्हा पाणी फार मागे हटत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ते खूप मागे जातं, आणि येतंही तेवढ्याच जोरानं. त्यामुळे किनाऱ्यावर पोचलं की आधी तिथल्या घोडागाडीवाल्यांना विचारायचं, किती वाजेपर्यंत परत यायचं. ते सांगतील त्याच्या अर्धा तास आधी निघायचं. इथं मुलांचा हट्ट चालू द्यायचा नाही.

बंद दिवसांचंही तसंच. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी, घारापुरीची लेणी सोमवारी. लांबून आलेली कुटुंबं फाटकाशी उभी राहून फोटो काढून परत जाताना मी पाहिली आहेत. त्यांच्याबरोबरच्या म्हाताऱ्या माणसांचे चेहरे बघवत नाहीत.

तर आम्ही चतुर्थीचा शनिवार धरला, पहाटे निघायचं ठरवलं आणि मग सामानाकडे वळलो.

सर्वांत वर, म्हणजे गाडीत माझ्या पायाशी असलेल्या पिशवीत, काय होतं? एक जुना पंचा, नातवाचा एक पूर्ण जोड, कागदाच्या आणि प्लॅस्टिकच्या तीन-चार पिशव्या, पाण्याची लहान बाटली आणि आलेपाकाच्या वड्या. गाडी लागते ती पोटामुळे, असं आपण समजतो. खरं तर कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मेंदूला सांगत असतो की आपण हलतोय, वळतोय. आणि पुस्तकावर किंवा मोबाइलवर खिळलेले डोळे सांगत असतात की सगळं स्थिर आहे. या गोंधळातून मळमळ सुरू होते. म्हणून ज्याला लागते त्याला पुढच्या बाजूला बसवायचं, खिडकीतून लांबचा डोंगर बघायला सांगायचं आणि घाटात मोबाइल काढून घ्यायचा. उपाशीपोटी निघू नये, आणि मिसळ चापूनही निघू नये. घरून निघताना थोडी कोरडी पोळी किंवा दोन बिस्किटं पुरतात. गोळी द्यायची तर निघण्याआधी द्यावी लागते, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही. लहान मुलांना ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नये.

आता शिदोरी. या विषयावर मी जरा जास्त बोलणार आहे.

आपल्या आज्या प्रवासाला दशम्या द्यायच्या, भाकरी नाही. दशमीचं पीठ दुधात भिजवतात, त्यामुळे ती दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची किंवा लसणाची कोरडी चटणी, गुळाच्या पोळ्या, बेसनाचे लाडू, चिवडा. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. पाणी कमी, आणि तेल, तूप, गूळ किंवा मीठ जास्त. ओलावा असला की जंतू वाढतात, तो नसला की पदार्थ टिकतो. त्या बायकांना हे प्रयोगशाळेनं शिकवलं नव्हतं, पिढ्यान्‌पिढ्यांच्या प्रवासानं शिकवलं होतं. म्हणून ओल्या नारळाची चटणी, बटाट्याची रस्सा भाजी, शिजवलेला भात हे पहाटे डब्यात भरून दुपारी दोनला खायला उघडू नये. भाताचं तर विशेष जपायचं. शिजवलेल्या भातात असे जंतू वाढतात की त्यांनी तयार केलेलं विष नंतर भात गरम केला तरी जात नाही. दहीभात सगळ्यांना आवडतो, मलाही आवडतो, पण तो थंडीच्या दिवसांत आणि तीन-चार तासांत संपणार असेल तरच.

आणखी एक गोष्ट मला सासूबाईंनी शिकवली. पोळ्या-ठेपले गरम असताना डब्यात भरायचे नाहीत. वाफ धरते, झाकणाला पाणी सुटतं आणि तेच पाणी पोळ्यांवर पडतं. ताटात सुट्या पसरून पूर्ण निवू द्यायच्या, मग सुती फडक्यात गुंडाळून डब्यात. यासाठी स्वयंपाक निघायच्या तासभर तरी आधी उरकावा लागतो, आणि हा तास आपण नेहमी विसरतो. शिवाय सगळं एकाच मोठ्या डब्यात भरू नये. माणशी एक पुरचुंडी केली की गाडी थांबवून ताटं मांडायची गरज उरत नाही. ज्याला भूक लागेल त्यानं आपली सोडावी. मागच्या सीटवरची भांडणं निम्म्यानं कमी होतात, हा आमच्या घरचा अनुभव.

पाण्याबरोबर मीठ-साखरेची सोय ठेवा. औषधाच्या दुकानात ओआरएसची पाकिटं मिळतात. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलेलं असतं तेवढ्या पाण्यात अख्खं पाकीट घालायचं. अर्धं पाकीट पेल्यात ढवळून द्यायचं नाही, कारण प्रमाण बिघडलं की फायद्याऐवजी अपाय होतो. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. केलेलं पाणी २४ तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं. मी घरीच साखर आणि मीठ मोजून कोरडी पुडी बांधते, वर ‘एक लिटर’ असं लिहिते. रात्री अकरा वाजता लॉजच्या खोलीत कुणाला जुलाब सुरू झाले की चमचा कुठून आणणार?

घरातल्या वडीलधाऱ्यांची औषधं मात्र पुड्यांत किंवा डबीत सुटी करून नेऊ नका. गोळ्यांच्या पट्टीवर नाव असतं, ताकद असते, मुदत असते. परगावी डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर ‘ती पांढरी गोल गोळी’ एवढं सांगून भागत नाही. दिवस जितके, त्याहून दोन दिवसांची औषधं जास्त घ्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये असू द्या. इन्सुलिन घेणारं कुणी असेल तर ते बंद गाडीत, डिकीत किंवा काचेखाली उन्हात कधीच राहता कामा नये, आणि बर्फाला चिकटवूनही ठेवायचं नाही. गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. ते थंड पिशवीत, ज्याचं त्याच्याजवळ.

सासूबाईंच्या पर्समध्ये त्यांचं आधार कार्ड, जास्तीचा चष्मा आणि थोडे सुटे पैसे त्या स्वतः ठेवतात. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, आणि महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. पण वयाचा पुरावा मुलाच्या पाकिटात आणि मुलगा मागच्या गाडीत असला, तर वाहकासमोर म्हाताऱ्या माणसाला उगाच ओशाळायला होतं. आपापली ओळख ज्याच्या त्याच्या हातात असावी.

मुलांचं सांगायचं तर खेळणी, पुस्तकं तुम्ही घ्यालच. त्याखेरीज दोन गोष्टी करा. निघताना दारातच प्रत्येक मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांत एक फोटो काढा. गर्दीत मूल दिसेनासं झालं तर शर्टाचा रंगसुद्धा आठवत नाही, इतके आपण घाबरतो. आणि लहानग्याच्या खिशात दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. तशी वेळ आलीच तर मदतीसाठी ११२ हा क्रमांक देशभर चालतो, आणि मुलांसाठी १०९८. अलिबागच्या किनाऱ्यावर आम्ही मुलांना केशरी टोप्या घातल्या होत्या. लांबून वाळूवर ते दोन ठिपके दिसत राहिले की सासूबाई निर्धास्त बसून शेंगा खात होत्या.

किनाऱ्याला जाताना एक रिकामी पिशवी ओल्या कपड्यांसाठी आणि एक मोठी साधी चादर हवीच. पायांची ओली वाळू टॉवेलनं घासू नका, मुलं रडतात. पाय जरा सुकू द्या, थोडी पावडर टाका आणि कोरड्या फडक्यानं झटका, वाळू सुटून पडते. आणि एक कापडी पिशवी परतीसाठी ठेवा. हंगाम असेल तर रस्त्याच्या कडेला अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतात. २०२२ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. कांदे बॅगेत कपड्यांवर टाकायचे नसतात, आणि माळ बघून थांबायचं नाही हेही जमत नाही.

विमानानं जाणार असाल तर एवढंच: पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकू नका, ती हातातल्या सामानातच न्यावी लागते. आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेनं जाणार असाल तर तिकिटावरची वेळ पुन्हा तपासा. त्या महिन्यांत गाड्या कमी वेगानं चालतात आणि वेळापत्रक वेगळं असतं.

घर सोडताना गॅस, नळ, खिडक्या हे तुम्ही बघताच. मी आणखी एक काम करते. वाटीभर तांदूळ आणि अर्धी वाटी मुगाची डाळ मोजून एका डब्यात एकत्र करते. हळद, मीठ, चिमूटभर हिंग यांची पुडी बांधून त्यातच ठेवते. डबा कुकरशेजारी ठेवते, झाकणावर पापडाची पिशवी. अलिबागहून आम्ही रात्री साडेनऊला परतलो. धाकटा नातू झोपलेला, चपलांमध्ये वाळू, सासूबाईंचे पाय सुजलेले. सुनेनं दिवा लावला, डाळ-तांदूळ धुऊन कुकरमध्ये ओतले, पुडी सोडली आणि पाणी घातलं. आम्ही बॅगा आत आणेपर्यंत पहिली शिटी झाली होती.

नमस्कार.